फटफटीची पाठशुद्धी

“सर, गाडी नवी करायची का बरी करायची?”

लातूरच्या मेकॅनिक उस्तादांनी हे विचारलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी आणि माझा नांदेडचा मित्र. सकाळी सहाला वजिराबादेतून छोटा हत्ती भाड्याने करून, मागे दोरखंडाने फटफटी आवळून, लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही लातूर गाठलं होतं. गाडी रिस्टोर करायची, एवढंच ठरलं होतं. रिस्टोर म्हणजे काय, याचं मित्राच्या मनातलं चित्र मोबाइलमध्ये होतं : आरशासारखी टाकी, लखलखते सायलेन्सर, काळेभोर टायर. उस्तादांनी तो फोटो लांब धरून बघितला, परत दिला आणि वरचा प्रश्न टाकला. आम्ही गप्पच आहोत हे बघून पुढे म्हणाले, “नवी पायजे आसंल तर रंगवाल्याकडं न्या. आठ दिवसांत करून देतेत. बरी करायची आसंल तर ठिवून जा. टाइम लागंल.”

आजारातून उठलेला माणूस बरा होतो, नवा होत नाही. टाक्यांचा व्रण राहतो, पिकलेले केस पिकलेलेच राहतात. पण तो चालायला लागतो, दोन घास खातो, घरच्यांशी बोलतो. आम्ही गाडी ठेवून आलो.

मी पेशाने मराठीचा मास्तर. कवितेचं रसग्रहण शिकवताना फळ्यावर तीन शब्द लिहायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य. पोरं या तीन खुंट्यांना ठरलेली वाक्यं टांगतात, ‘कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ वगैरे, आणि गुण घेऊन मोकळी होतात. त्यांना दोष देत नाही. समोरची ओळ नीट बघायची असते, बघेपर्यंत बोलायचं नसतं, हे मी त्यांना कधी धडपणे शिकवू शकलो नाही. ते मला पुढच्या पाच महिन्यांत रविवारच्या फेऱ्यांमध्ये एका पत्र्याच्या शेडखाली शिकायला मिळालं. म्हणून हे एका फटफटीचं रसग्रहण.

गाडी १९७९ सालची येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. ‘जावा’ म्हटलं की आपल्याला बेट आठवतं, पण हे नाव जोडाक्षरासारखं तयार झालेलं आहे : चेक उद्योजक यानेचेक यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि ‘वांडरर’ या जर्मन कंपनीचं पहिलं अक्षर. साल १९२९. चेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ असा करतात. म्हैसूरला इराणी कुटुंबाने १९६१ मध्ये या गाड्या परवान्यावर बनवायला सुरुवात केली, १९७३ पासून त्यांना ‘येझदी’ हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. रोडकिंगचं इंजिन २४८.५ सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. ताकद सोळा अश्वशक्ती.

आमच्याकडे तेव्हा गाडीवरून माणूस ओळखायचे. राजदूत दूधवाल्याची, बुलेट फौजदाराची, आणि येझदी अडत्याच्या पोराची. ही तशीच. पहिला मालक लातूरच्या गंजगोलाईतल्या एका अडत दुकानाचा धाकटा वारस. जुन्या कागदावर पत्ता ‘लातूर, जिल्हा उस्मानाबाद’ असा आहे. लातूर जिल्हा व्हायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडायचा होता. पुढे मित्राच्या मामांनी ती घेऊन नांदेडला नेली, काही वर्षं चालवली, मग वाड्याच्या ढेलजेत सरकीच्या पोत्यांमागे उभी केली. मामा गाडीबद्दल एकच वाक्य बोलायचे : “ही रेसची गाडी हाय.” घरात कोणी ते मनावर घेतलं नाही. मामाच ते, त्यांच्या विहिरीलासुद्धा सात झरे होते.

मामा खरं बोलत होते, हे गाडीनेच सांगितलं. उस्तादांनी पहिल्या रविवारी पान्याला हात लावला नाही. रॉकेलचा बोळा घेऊन ते गाडीभोवती उकिडवे फिरत राहिले आणि मला एकेक जागा दाखवत गेले. इंजिनाखालच्या ऑइल काढायच्या बोल्टाच्या डोक्यात आरपार बारीक भोक. कारखाना असं भोक पाडत नाही. धावताना बोल्ट थरथरून सुटू नये म्हणून त्यातून तार ओवून बांधतात, आणि ही खबरदारी शर्यतवाले घेतात. पुढच्या ब्रेकच्या ताटलीला सहा भोकं, आतून बारीक जाळी, ब्रेकला वारा लागावा म्हणून. उजव्या फूटरेस्टचं टोक तिरपं घासून गेलेलं, डावं जवळजवळ शाबूत. म्हणजे गाडी वळणावर जमिनीला टेकेपर्यंत झुकवलेली, आणि जिथे धावली तिथे वळणं उजवीकडची जास्त होती. मडगार्ड मागून चार बोटं कापलेलं, कापलेली कड कानशीने गोल केलेली, हाताला लागू नये अशी.

हा झाला आशय. आणि तो कुठल्या कागदावर नव्हता, गाडीच्या अंगावर होता. त्या काळात भारतात मोटारसायकल शर्यतींचं मोठं ठिकाण म्हणजे मद्रासजवळचं शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातली रिकामी पडलेली धावपट्टी. परदेशी शर्यतीची गाडी मिळणं बहुतेकांना अशक्यच. तेव्हा रस्त्यावरचीच गाडी घ्यायची आणि घरच्या घरी कोरून, कापून, हलकी करून पळवायची. ही येझदी त्या पिढीची. ती कुठल्या मैदानात धावली, हे उस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, “ते हिला इचारा.” यापलीकडे त्यांनी एकदाही अंदाज बांधला नाही. या सवयीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता अलंकार. पोरांना श्लेष समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची. एक शब्द, दोन अर्थ, दोन्ही एकाच जागी बसलेले. आता मी येझदीचा दांडा सांगतो. या गाडीला किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच आहे. डाव्या बाजूला आडवा असतो तेव्हा तो गिअर. आत दाबून उभा केला की तोच किक. गाडी सुरू झाली की पुन्हा पुढे पाडायचा, परत गिअर. शिवाय पायाने गिअर टाकताना तोच दांडा आतून क्लचही थोडा सोडवतो, त्यामुळे हात न लावता गिअर पडतो. पहिल्यांदा चालवणारा हमखास फसतो, किक शोधत बसतो. एकदा कळलं की त्या चेक कारागिराचं कौतुक वाटतं. एका लोखंडात तीन कामं, आणि तिन्हींत ओढाताण नाही. शब्द वाचवणारा कवी असाच असतो.

दुसरी गंमत दोन सायलेन्सरांची. त्यासाठी टू-स्ट्रोकची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. या इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, आणि पिस्टनच खाली-वर जाताना त्या उघडतो, मिटतो. धूर जायची खिडकी उघडी असतानाच ताजं पेट्रोल आत येतं, आणि त्यातलं थोडं धुराच्या पाठोपाठ बाहेर पळतं. कष्टाने रांधलेलं अन्न मागच्या दाराने जावं तसं. यावर इलाज निघाला तो पाइपाचा. सुरुवातीला बारीक, मध्ये पोट, शेवटी निमुळता असा पाइप लावला की धुराच्या दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि पळालेल्या पेट्रोलला नेमकं खिडकी मिटायच्या आधी आत ढकलते. याला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचे वॉल्टर काडन यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांचाच स्वार एर्न्स्ट डेगनर देश सोडून पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकचा दरारा म्हणतात त्याच्या मुळाशी ही एका पाइपाची गोष्ट आहे.

आमच्या गाडीला दोन्ही बाजूंना असे पोटाचे पाइप होते, हाताने वळवलेल्या पत्र्याचे. उस्तादांनी जोडावरून बोट फिरवलं. पत्र्याची कड दुमडून दुसऱ्या कडेत अडकवलेली, वर पितळेची झाळ. “ह्ये कोठीवाल्याचं काम हाय,” ते म्हणाले. धान्याच्या पत्र्याच्या कोठीला असाच दुमडून जोड घालतात, किडामुंगी आत शिरू नये म्हणून. ज्वारी साठवायच्या कोठ्या बनवणाऱ्या कुणा कारागिराच्या हातून जर्मनीत पक्क्या झालेल्या शास्त्राचे दोन पाइप वळले गेले होते. त्या जोडापाशी मी बराच वेळ बसलो. भाषासौंदर्य शिकवताना बोलीचं कौतुक करायचं असतं. ही ती बोली.

सिलिंडर उघडला तेव्हा तिसरी साक्ष मिळाली. धूर जायच्या खिडकीची वरची कड कानशीने वर चढवलेली होती, एखाद-दोन मिलिमीटर. खिडकी लवकर उघडते, मग इंजिन चढत्या वेगात सुटतं. बदल्यात खालचा दम जातो. शहरात चालवायला अशी गाडी वैताग, मैदानात मोकळी. कानशीच्या रेघा अजून दिसत होत्या, सगळ्या एका दिशेच्या. घाई नसलेल्या हाताच्या.

आणि पिस्टनवर मधाच्या रंगाचा चिकट लेप. नखाने खरवडला तर सुटेना. उस्तादांनी बोटावर घेतला, गरम फडक्यावर चोळला आणि माझ्या नाकाशी धरला. मला आजी आठवली. एरंडेल! टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच कालवून घालावं लागतं, आणि शर्यतवाले साध्या ऑइलऐवजी एरंडेलाचं ऑइल वापरायचे, कारण ते भयंकर उष्णतेतही वंगण सोडत नाही. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडाच्या इंग्रजी नावावरून पडलं आहे. त्याचा एक दोष आहे : ते जळून मागे राळेसारखा थर ठेवतं. तो थर पंचेचाळीस वर्षं त्या पिस्टनवर बसून होता. ओसाड गावी एरंड बळी म्हणून आपण ज्या झाडाची टिंगल करतो, ज्याचं तेल बैलगाडीच्या आसाला आणि पोरांच्या पोटाला सारख्याच निष्ठेने घातलं जायचं, त्याचा वास शर्यतीच्या मैदानावर वेगाचा वास म्हणून ओळखला जात होता. सगळे रस कानांनी आणि डोळ्यांनीच घ्यायचे असतात असं कुठे आहे?

तिथून पुढे खरा पेच सुरू झाला, कारण वाचून झालं होतं आणि आता दुरुस्त करायचं होतं.

काय बदलायचं, यावर उस्तादांचा नियम साधा. ज्याने माणूस मरेल ते नवं. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, केबली, मागच्या चाकाचे गंजलेले आरे : एकही जुना ठेवला नाही, त्यावर चर्चाही नाही. ज्याने इंजिन मरेल ते नवं किंवा ठाकठीक. क्रँकचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड बदलला, कडक झालेले ऑइल सील बदलले, कारण सीलातून हवा शिरली तर टू-स्ट्रोकचं पेट्रोल पातळ पडतं आणि पिस्टन जळतो. क्लचच्या कॉर्कच्या प्लेटी पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी जाऊन आणल्या. बाकी सगळं तसंच. सिलिंडर बदलला नाही, कारण नवा सिलिंडर म्हणजे ती कानशीने चढवलेली कड गेली. आतून जरासं बोअर करून एक साइज मोठा पिस्टन बसवला. पाइपाला खालून गंजून पैशाएवढं भोक पडलं होतं, तेवढंच कापून तिथे पत्र्याचं ठिगळ मारलं आणि ते घासून लपवलं नाही. “वाकळंचं ठिगळ दिसत आसतंय की,” उस्ताद म्हणाले.

जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञांनी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद केली, तिच्यात हीच दोन तत्त्वं आहेत : नवा घातलेला भाग शोभून दिसावा पण जुन्यात बेमालूम मिसळू नये, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. उस्तादांनी व्हेनिसचं नाव ऐकलेलं नाही. दुसऱ्या तत्त्वाची परीक्षा टाकीवर झाली.

टाकीवर वरचा रंग लाल मेटॅलिक, त्यावर आगीच्या ज्वाळांचे स्टिकर. तो मामांच्या धाकट्या चिरंजीवांचा उद्योग. उस्तादांनी पाण्याचा पॉलिश पेपर घेतला, हजार नंबरचा, रबरी ठोकळ्याला गुंडाळला आणि साबणाच्या पाण्यात बुडवून तळहाताएवढी जागा धरली. बोअरचं पाणी वापरलं नाही. लातूरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडतं. घरून आणलेलं प्यायचं पाणी बाटलीतून थेंब थेंब. लाल गेला, खाली काळा आला. काळा पातळ होत गेला तसा खालून पांढऱ्याचा एक चंद्रकोरीएवढा तुकडा वर आला. त्या दिवशी तिथेच थांबले. पुढच्या रविवारी आम्ही आलो तेव्हा पांढरं वर्तुळ पूर्ण दिसत होतं आणि त्यात ब्रशने काढलेला सात. सातापुढे अजून एक आकडा होता, पण त्याची फक्त उभी रेघ उरली होती. एक असेल, चार असेल.

मित्र हरखून गेला. “पेंटर बोलवू. सत्त्याहत्तर करून टाकू, झकास दिसतं.” उस्ताद हात पुसत म्हणाले, “सत्त्याहत्तर हुता का?” मित्र म्हणाला, “कुणाला कळणार आहे?” उस्तादांनी उत्तर दिलं नाही. ते उठले, टाकीवर पारदर्शक लॅकरचा एक हात मारला आणि ती अर्धी रेघ तशीच काचेआड ठेवावी तशी बंद करून टाकली.

परतीच्या वाटेवर मित्र घुश्श्यात होता आणि मला एकनाथ आठवत होते. तीनशे वर्षांच्या हातांनी ज्ञानेश्वरीत चुका साचल्या होत्या, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. पैठणच्या नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला, आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. विचार करा, ओवी रचायची तर नाथांइतका अधिकारी तेव्हा दुसरा कोण होता? त्यांनी ती घातली नाही. पैठणवरून जी गोदावरी पुढे नांदेडला येते, तिच्या काठच्या वाड्यातली ही गाडी. तिच्या अर्ध्या आकड्याशी उस्ताद जे वागले ते मला त्याच परंपरेतलं वाटतं. सत्त्याहत्तर हा आकडा म्हणजे ताटातली करवंटी होती.

पण इथे एक प्रश्न उरतोच, आणि तो शर्यतीच्या गाडीच्याच बाबतीत जास्त टोचतो. मूळ पाठ म्हणजे कुठला? कारखान्यातून आली तेव्हा या गाडीला पोटाचे पाइप नव्हते, ब्रेकला भोकं नव्हती, खिडकीची कड खाली होती. मग म्हैसूरची गाडी मूळ, आणि लातूरच्या पोराने केलेली कापाकापी प्रक्षेप? काटेकोर माणूस असंच म्हणेल, कॅटलॉग उघडून गाडी १९७९ च्या शोरूममध्ये परत नेईल.

याला उत्तर न्यूझीलंडमध्ये आहे. इन्व्हरकार्गिल गावचे बर्ट मन्रो यांनी १९२० सालची इंडियन स्काउट घेतली आणि उभं आयुष्य तिच्यात बदल करण्यात घालवलं. पिस्टन घरीच जुन्या डब्यांत ओतले. नवी होती तेव्हा ती गाडी ताशी नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर पळायची. १९६७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, मन्रो तिला अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर घेऊन गेले आणि ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम करून आले. त्यांच्यावर २००५ मध्ये चित्रपट निघाला, अँथनी हॉपकिन्स यांनी भूमिका केली. आता कुणी ती गाडी ‘मूळ स्वरूपात’ आणतो म्हणून तिचे मन्रोंनी घडवलेले भाग काढून कारखान्याचे बसवले तर काय उरेल? १९२० ची एक साधी स्काउट. जी गाडी शर्यतीत घडली तिचा मूळ पाठ शर्यत हाच. कानस, झाळ, तारेचं भोक ही तिची ओवी. ज्वाळांचे स्टिकर हा प्रक्षेप. दोन्ही नंतरच आले, पण एकाने गाडी पळवली आणि दुसऱ्याने ती नुसती रंगवली.

हा निवाडा मला पटतो. तरी निवाडा तो निवाडाच, उद्या कुणी वेगळा करील. नाथांच्या पाठालाही ते चुकलं नाही : १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे मिळालेली, नाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली आणि वाद पेटला तो विझायचं नाव घेईना. राजवाड्यांना वाद घालता आला, कारण जुनी पोथी कुणीतरी बासनात बांधून ठेवली होती, नदीत सोडली नव्हती. उस्तादांकडे बिस्किटाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. काढलेला पिस्टन त्यावरच्या एरंडेलाच्या थरासकट, जुन्या क्लच प्लेटी, गंजलेला आरा, मामांच्या चिरंजीवांचा सोललेला एक स्टिकरसुद्धा, सगळं चिठ्ठ्या लावून त्यात ठेवलं आहे. आपण चुकलो असू तर पुढच्याला परत फिरता यावं, एवढी त्यात सोय आहे.

दिवाळीच्या आधी गाडी सुरू करायचा दिवस आला. टायमिंग बसवताना मी जवळ बसलो. प्लग काढून त्या भोकातून उस्तादांनी सायकलचा एक जुना आरा आत सोडला. त्यावर कानशीने दोन खुणा केलेल्या, तीन मिलिमीटर अंतराच्या. एका हाताने चाक हळू फिरवत पिस्टन अगदी वर आणला, आरा पहिल्या खुणेपर्यंत वर आला. मग उलटं फिरवून तीन मिलिमीटर खाली. दुसऱ्या हातात सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद, तो पॉइंटच्या चिमटीत. नेमक्या त्या जागी कागद सुटला पाहिजे. अलीकडे सुटला तर ठिणगी लवकर, पलीकडे तर उशिरा. पाच-सहा वेळा कागद अडला, एकदा फाटला. मग सुटला, पान गळावं तसा. उस्तादांनी स्क्रू आवळला आणि पुन्हा बघितलं. मात्रा मोजणाऱ्या माणसाला हे बघून बरं वाटतं.

पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस मिली ऑइल. चौथ्या किकला गाडी बोलली. आधी अडखळत, एक ठोका घेऊन एक सोडत, मग सलग. पोटाच्या पाइपाचा आवाज सायलेन्सरसारखा गोल नसतो. तो पत्र्याचा, तापट असतो, आणि शेडच्या पत्र्यांनी त्याला साथ दिली. खाली दम नव्हताच. पहिल्या गिअरला ती कुरकुरत निघाली, उस्तादांनी रिकाम्या रस्त्यावर वेग चढवला आणि अर्ध्यावर कुठेतरी आवाज बदलला, कड चढवणाऱ्या त्या हाताचं म्हणणं तिथे ऐकू आलं. दोष सांगायचा तर तोच : बाजारात नेऊन भाजी आणावी अशी ही गाडी नाही, आणि आता होणारही नाही. मित्राचे वडील म्हणाले, एवढा पैसा घालून जुनीच दिसते. मित्र म्हणाला, “जुनीच आहे, बाबा.” त्याचा राग कधी गेला मला कळलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. शुल्क वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला न्यायची नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. शर्यतीत घडलेल्या गाडीचं मूळ स्वरूप कुठलं, हे तिथे कुणाला तरी समजावून सांगावं लागणार. त्या दिवसासाठी आम्ही प्रत्येक खुणेचा फोटो आणि उस्तादांचा तो डबा सांभाळून ठेवला आहे.

तुमच्या वाड्यात, गोठ्यात, पोत्यांमागे एखादी फटफटी उभी असेल तर रंगवाल्याला बोलावण्याआधी एक रविवार तिला द्या. रॉकेलचा बोळा घ्या, खाली बसा आणि बोल्टांची डोकी बघा. आमच्या गाडीला पन्नास वर्षं २०२९ मध्ये पूर्ण होतील. टाकीवर अजून सात आणि एक उभी रेघ आहे.